एमजीबीचा फ्लोअर कापण्याआधी

गंजलेला फ्लोअर कापायला घेतलेला ग्राइंडर जरा बाजूला ठेव. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला वेगळी चॅसी (खालचा सांगाडा) नाही. फ्लोअर आणि दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालचे पोकळ पत्रे) हाच गाडीचा कणा. त्यात तुझी रोडस्टर, म्हणजे छपराचाही आधार नाही. आधी दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे पाइप टॅक कर (वेल्डिंगच्या टिपक्यांनी तात्पुरते जोड), मगच पत्रा काप. मी पाइप लावायचा आळस केला होता. गाडी मधोमध बसली आणि दारं लागेनात! बॅटरी काढ, खालून जाणारी पेट्रोलची नळी सोडव. गंज टोचून बघत चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जा. मिग वेल्डरला ०.६ मिमीची तार लाव आणि सलग ओढू नकोस. एकमेकांपासून लांब अंतरावर टिपके दे, मध्ये थंड होऊ दे, नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. सांध्यांना सीम सीलर (फटी बुजवणारा लेप) लाव. आणि हूड (कापडी छप्पर) गळत असेल तर नवा कार्पेट इतक्यात टाकू नकोस.