सोमवारची सुट्टी

प्रिय पोरी,

परवा तू नेमणुकीचं पत्र दाखवलंस. मी पगार विचारला, पीएफ विचारला, बेंगळुरूच्या पीण्यातल्या त्या फाउंड्रीत साच्याच्या वाळूची लॅब कशी आहे तेही विचारलं. तू सगळं सांगितलंस. मग चहाचा कप खाली ठेवताना म्हणालीस, "काका, सोमवारचं काय होणार?" आणि गप्प झालीस. तेव्हा मला काही सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, म्हणून हे पत्र.

तुझा सोमवार मी गेली चार वर्षं बघतोय. कारखान्याला सुट्टी, सकाळी सातला तुम्हा चौघींची रंकाळ्याला फेरी, मग मिसळ. रात्री कधी गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध, पावसाळा सरला की कुणाच्या तरी मळ्यात रस्सा मंडळ. या चार वर्षांत तुम्ही एकमेकींना "भेटूया का?" असं कधी विचारलंत? गरजच पडली नाही. तुम्हाला सोमवार भेटवत होता. आता पीण्यात तुझी सुट्टी रविवारी, आणि रविवारी या तिघी कामावर. तू निवांत बसून फोन करशील तेव्हा पलीकडून साचे झाडणाऱ्या शेकआउट यंत्राचा धडधडाट ऐकू येईल आणि "नंतर करते गं" एवढंच उत्तर मिळेल. दोन-तीनदा असं झालं की तुला वाटेल, या बदलल्या. तसं नसतं गं. तुमची मैत्री ज्या खुंटीला टांगलेली होती ती खुंटी निघाली, इतकंच. आता नवी ठोकावी लागेल, आणि ती तूच ठोकायची, कारण जाणारी तू आहेस.

मी 1992 साली बेंगळुरूला गेलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरायचे, तेव्हा बूथपुढे रांगेत उभं राहायचं आणि समोरच्या यंत्रावर पळणारे आकडे बघत बोलायचं. ते बोलणं नीट व्हायचंच नाही. त्यावर मी एक उपाय काढला. एकाआड एक शनिवारी रात्रीची बस धरायची आणि सोमवारी पहाटे परत येऊन थेट शिफ्टला उभं राहायचं. सव्वा वर्ष हे केलं. अंगाची दशा झाली ती वेगळीच. पण दोन्हीकडचं माझं माणूसपण त्यात गेलं. तिकडे कारखान्याच्या शॉपमधल्या लोकांनी तीन रविवारी जेवायला बोलावलं, तिन्ही वेळा मी गावी होतो. चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. इकडे एका दिवसात दहा घरं करायची, म्हणजे कुठेच नीट बसणं नाही.

माझा एक मित्र होता, तालमीत लहानपणापासून बरोबरचा. त्याचे वडील गेले. मला कळलं ते तेरावं होऊन गेल्यावर. तार नाही, पत्र नाही. कारण सगळ्यांनी धरून चाललं होतं की हा काय, येतोच आहे शनिवारी. नेमका त्या शनिवारी मी आलो नाही, आणि त्यानंतर गेलो तेव्हा त्याच्या दारात उभा राहून काय बोलावं ते कळेना. त्याने रागावून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर आम्ही भेटलो, लग्नकार्यात हसून बोललो, पण पहिल्यासारखं कधीच नाही. तीस वर्षं हे मनात आहे. तुला सांगतोय ते त्यासाठीच.

म्हणून पहिले दोन महिने तू परत येऊ नकोस. आई म्हणेल ये, आणि तुलाही यावंसं वाटेल, विशेषतः तिसऱ्या आठवड्यात. पहिला आठवडा नवलाईत जातो, दुसरा कागदपत्रं आणि बँकेत. तिसऱ्यात पीजीच्या खोलीवर येऊन चप्पल काढतानाच रडू फुटतं. ते येऊ दे. त्या दिवशी बसचं तिकीट मात्र काढू नकोस.

तिघींपैकी कुणाशी तुझं जास्त आहे ते मला माहीत आहे, तुलाही आहे. सगळ्यांशी सारखं टिकवायला जाशील तर गटावर सुप्रभातचे फुलांचे फोटो पाठवण्यावर येऊन थांबेल. एकीला धर. सोमवारी सकाळी सातला त्या तिघी रंकाळ्यावर असणारच, आणि तू त्याच वेळी कामावर जायची तयारी करत असशील. तेव्हा तिला फोन लाव. पंधरा मिनिटं पुरे. व्हिडिओ नको, चालताना नुसतं बोलणं बरं. वारा किती आहे, घाटावर गर्दी आहे का, असलं काहीही विचार. मोठ्या गोष्टी आपोआप येतात.

भिशी तू दिवाळीला उचललीस, हप्ते अजून राहिलेत. एकरकमी भरून मोकळी होईन म्हणालीस, ते करू नकोस. दर महिन्याला पाठव. त्या निमित्ताने दर महिन्याला तुझं नाव निघेल, "तिचे आले का" असं कुणीतरी विचारेल. वही मात्र आत्ताच दुसरीच्या हातात दे. शेवटच्या संध्याकाळी घाईत देऊ नकोस. तू असेपर्यंत एक महिना तिला चालवू दे, चुकलं तर तू आहेस.

लॅबच्या वहीचंही तसंच. जुलैत वाळूचा ओलावा कुठे नेऊन ठेवायचा, कुठल्या पॅटर्नच्या ओतीवात ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, येतात, हे तुझ्या डोक्यात आहे आणि कागदावर अर्धंच आहे. ते लिहून दे. तुझ्यामागे येणाऱ्या पोराला रिजेक्शन वाढलं म्हणून बोलणी बसली, तर ती तुझ्या अर्ध्या वहीमुळे बसलेली असतील.

आता तिकडचं. रंकाळ्यासारखं म्हणशील तर मल्लेश्वरमजवळ सँकी टँक आहे, 1882 साली बांधलेला तलाव, भोवती चालायला वाट आहे. पहिल्या दिवशी तुला ते डबकं वाटेल. तरी जा, आणि दर रविवारी त्याच वेळेला जा. पाचव्या-सहाव्या फेरीला कुणीतरी ओळखीचं हसतं. मला तिथे एक निवृत्त मास्तर भेटले होते, त्यांनीच मला कन्नड शिकवलं. पीण्यापासून आता मेट्रो आहे, आम्हाला बसमध्ये तास जायचा.

कन्नड पहिल्या दिवसापासून बोल, मोडकं का असेना. तिथली माणसं नमस्काराच्या जागी "ऊटा आय्ता?" विचारतात, म्हणजे जेवण झालं का. आपल्याकडे दारात आलेल्याला हेच विचारतात, त्यामुळे तुला परकं वाटणार नाही. त्यांचा तुप्पा म्हणजे आपलं तूप, आणि अक्का तर तशीच अक्का. शॉपमधल्या माणसांना मराठी-हिंदीत सूचना देणारी बाई आणि मोडक्या कन्नडात विचारणारी बाई यांच्यात ते फार फरक करतात. मी सहा महिने उशीर केला, तू करू नकोस.

मराठी माणसंही भेटतील, गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीत जरूर जा. तू बोलताना "मी येतो, मी जातो" म्हणशील तेव्हा पुण्याकडच्या बायका चमकून बघतील. त्यांच्यासाठी बोली बदलू नकोस, ती आपल्या गावची आहे. पण पहिल्या महिन्यात सगळे रविवार तिथेच घालवलेस तर शेजारच्या खोलीतली मुलगी कोण ते तुला कळायचं राहून जाईल.

एक गोष्ट मला त्या काळात धीर द्यायची. शिरोलीत तुझ्या फाटकापुढून जातो तोच हमरस्ता निपाणी, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर करत पीण्यापाशी निघतो. तेव्हा त्याला चार नंबर म्हणत, आता अठ्ठेचाळीस. सहाशेच्या वर किलोमीटर आहेत, पण रस्ता एकच. चहाला बाहेर आलो की मी त्याच्या कडेला उभा राहायचो, आणि एमएच शून्य नऊचा, म्हणजे आपल्या कोल्हापूरचा, ट्रक दिसला की ड्रायव्हरला हात करायचो.

भिशीची वही कुणाला दिलीस ते शनिवारपर्यंत कळव. लॅबची वही पुरी झाली की मला एकदा दाखव. आणि निघायच्या आधीच्या शेवटच्या सोमवारी तू मला फेरीला बोलावलं आहेस, तर मी येणार नाही. चौघीच जा. मला मंगळवारी भेट.

तुझा,
काका