फायबर घ्या, पण 'टॅपिंग-प्रूफ'च्या नावाखाली एफडी मोडू नका

ताई, तुमचा मेल नीट वाचला. सांगलीत घरूनच टॅक्सची कामं करता, जुन्या तांब्याच्या लँडलाइनवर महिना ६५० चं ब्रॉडबँड आहे, आणि आता एकजण घरी येऊन सांगून गेलाय की ही लाइन कुणीही टॅप करतं, म्हणजे मधेच जोडून चोरून ऐकतं, क्लायंटचे पॅन-आधार बाहेर जातील, त्यापेक्षा 'सिक्युअर फायबर' घ्या, राउटरसकट तीन वर्षांचे ४८,००० एकदम भरा. त्यासाठी तुम्ही ५० हजारांची एफडी मोडताय. माझं स्पष्ट मत, फायबर जरूर घ्या, हे पॅकेज नको, आणि एफडीला हात लावू नका.

आता टॅपिंगचं बघू, कारण भीती तिथेच घातलीय. तांब्याची लाइन टॅप करणं सोपं हे खरंच आहे, रस्त्यावरच्या डीपी बॉक्समध्ये, म्हणजे फोनच्या तारा जोडलेल्या पेटीत, दोन क्लिपा लावल्या की फोनवरचं बोलणं ऐकू येतं, इंटरनेटचा डेटा वाचायला जास्त सामान लागतं पण अशक्य नाही. १९७० च्या दशकात अमेरिकन नौदलाने ओखोत्स्क समुद्रात सोव्हिएत रशियाची तांब्याची केबल न कापता, नुसतं बाहेरून यंत्र बसवून ऐकली होती. फायबर म्हणजे काचेची तार, डेटा प्रकाशाने जातो, त्यातून असं काही बाहेर पडत नाही, तार वाकवून थोडा प्रकाश काढावा लागतो, आणि तसं केलं की सिग्नल कमी होतो, म्हणजे पकडलं जाऊ शकतं. पण टॅप होतच नाही हे खोटं आहे हो. सॅन फ्रान्सिस्कोत एटी अँड टी या अमेरिकन फोन कंपनीच्या ऑफिसात स्प्लिटर, म्हणजे प्रकाश वेगवेगळ्या वाटांना फोडणारा भाग, लावून फायबरवरचा डेटा तिथल्या सरकारकडे जात होता, हे २००६ मध्ये त्यांच्याच माजी टेक्निशियनने बाहेर आणलं. घरगुती फायबरही एका स्प्लिटरवरून ३२ किंवा ६४ घरांना जाते, येणारा डेटा सगळ्यांच्या बॉक्सपर्यंत पोचतो आणि प्रत्येकाचा बॉक्स फक्त आपला उचलतो, म्हणून तर त्यात एन्क्रिप्शनची, म्हणजे डेटा दुसऱ्याला वाचता येणार नाही असा करण्याची, सोय ठेवलीय.

आणि महत्त्वाचं म्हणजे बँक, जीएसटी पोर्टल, इन्कम टॅक्सची साइट, हे सगळं तुमच्या कॉम्प्युटरपासूनच एन्क्रिप्ट होऊन निघतं, मग खाली तांबं असो की काच. आपल्याकडे लोकांचे पैसे जातात ते ओटीपी सांगितल्याने, खोट्या लिंकने, मोबाईलवर कुणीतरी भलतं ॲप टाकायला लावल्याने. त्यावर ४८ हजारांची लाइन काही करत नाही.

मग फायबर का घ्यायची, तर कामासाठी. तुमच्या एडीएसएलला, म्हणजे तांब्यावरच्या ब्रॉडबँडला, अपलोड जेमतेम १ एमबीपीएस मिळतं, १०० एमबीची फाईल पाठवायला तेरा-चौदा मिनिटं, ५० एमबीपीएसच्या फायबरवर तीच १६-१७ सेकंदांत, आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हा फरक म्हणजे तुमची फी आहे. शिवाय वळवाच्या विजांत तांब्याच्या तारेतून झटका येऊन मोडेम जळतात, काचेतून वीज येत नाही.

पैशाचं सांगते. साधा प्लॅन महिना ७०० धरा, १८ टक्के जीएसटी धरून ८२६, म्हणजे ३६ महिन्यांचे २९,७३६. उरलेले १८,२६४ तुम्ही फक्त 'सिक्युअर' या शब्दासाठी आणि एका राउटरसाठी देताय, चांगला राउटर दोन-तीन हजारांत मिळतो. आत्ताच्यापेक्षा महिन्याला १७६ च जास्त, ते चालू कमाईतून निघतात. जीएसटी नंबर असेल तर धंद्याच्या वापरापुरतं त्यातल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळेल, ते तुम्हाला मी काय सांगणार. तीन वर्षांचं ॲडव्हान्स कुणालाच देऊ नका, सर्व्हिस बिघडली की तक्रार करायला हातात काही उरत नाही. आणि एफडी मुदतीआधी मोडली की बहुतेक बँका व्याजात अर्धा-एक टक्का कापतात, शिवाय तुमचा आजारपणाचा आधार तोच आहे असं तुम्हीच लिहिलंय.

वाचलेल्या पैशातून एक बाहेरची हार्डडिस्क घेऊन बॅकअप सुरू करा, लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा, राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. आणि हां, फायबरचा बॉक्स घरच्या लाइटवर चालतो, लाइट गेली की फोन-नेट दोन्ही बंद, म्हणून छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्याच. क्लायंटकडे तुमचा लँडलाइन नंबर वर्षानुवर्षं आहे, तर जुनी लाइन सोडण्याआधी तोच नंबर फायबरवर राहील का ते लेखी घ्या, आणि महिनाभर दोन्ही चालू ठेवा.