मधपेट्यांना परवाना लागतो का?

प्रश्न : घरामागे सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवायच्या आहेत. परवाना काढावा लागेल का? – एक वाचक भगिनी, जावळी

उत्तर : ताई, नुसत्या पेट्या ठेवायला परवाना लागत नाही. तरी राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर नोंदणी कराच. मध बाटल्यांत भरून विकणार असाल, तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी. तो क्रमांक लेबलवर छापायचा. राखीव जंगलातून पोळी मात्र परस्पर काढून आणू नका. १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार तिथला मध आणि मेणसुद्धा वनोपज आहे. पेट्यांसाठी महाबळेश्वरच्या मध संचालनालयात चौकशी करा. शेजाऱ्यांशी आधीच बोला. माझ्या पेट्यांची तोंडं मी त्यांच्या अंगणाकडे कधीच करत नाही, आणि शेजारच्या स्ट्रॉबेरीवाल्यांना फवारणी माश्या परतल्यावर, संध्याकाळीच करायला सांगतो.