रेकोलेताचे महापौर आणि नगरपालिकेचे औषध दुकान

प्रश्न : चिलीची राजधानी सांतियागो येथील एका कम्युनिस्ट महापौरांनी नगरपालिकेतर्फे स्वस्त औषध दुकान काढले आणि पुढे अशाच दुकानांच्या खरेदीवरून त्यांना अटक झाली, असे वाचनात आले. हे गृहस्थ कोण, आणि त्यांचे काम खरोखर मोलाचे होते का?

उत्तर : आपण विचारता ते दानिएल हादुए. ते संपूर्ण सांतियागोचे नव्हे, तर मापोचो नदीच्या उत्तरेकडील रेकोलेता या भागाचे महापौर होते. या महानगरात तिसाहून अधिक स्वतंत्र नगरपालिका असून प्रत्येक महापौर मतदारांकडून थेट चार वर्षांसाठी निवडला जातो. १९६७ मध्ये जन्मलेले हादुए पॅलेस्टिनी वंशाचे, शिक्षणाने वास्तुरचनाकार आणि समाजशास्त्रज्ञ. आधीच्या दोन निवडणुकांत पराभव पत्करून ते २०१२ मध्ये निवडून आले आणि नंतर आणखी दोनदा.

चिलीतील औषधविक्री प्रामुख्याने तीन मोठ्या दुकानसाखळ्यांच्या हाती होती, आणि संगनमताने भाव वाढवल्याबद्दल त्यांपैकी दोन साखळ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दंडही ठोठावला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये हादुए यांच्या नगरपालिकेने स्वतःचे दुकान उघडले. रेकोलेताच्या रहिवाशाने डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून नाव नोंदवायचे आणि नफा न लावलेल्या दरात औषध न्यायचे, अशी साधी पद्धत होती; रोज गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या जुनाट आजाराच्या माणसाला याचा किती आधार वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको. दुकानाला नाव दिले रिकार्दो सिल्वा सोतो या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याचे, ज्याला १९८७ मध्ये तेव्हाचा लष्करी हुकूमशहा पिनोशे याच्या गुप्त पोलिसांनी ठार मारले होते.

माझ्या मते या कामाचे मोल ठरवायला एकच गोष्ट पुरेशी आहे : पुढे उजव्या पक्षांच्या महापौरांनीही आपापल्या भागांत अशी दुकाने काढली. रेकोलेतात त्यामागोमाग स्वस्त चष्म्यांचे आणि पुस्तकांचे दुकानही निघाले. २०२१ मध्ये देशाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी डाव्या आघाडीअंतर्गत झालेल्या निवडणुकीत पुढे अध्यक्ष झालेल्या गाब्रिएल बोरिक यांनी हादुए यांना हरवले.

अटकेविषयी सांगायचे, तर अशी दुकाने चालवणाऱ्या नगरपालिकांनी एकत्रित खरेदीसाठी एक संघटना स्थापली होती आणि हादुए तिचे अध्यक्ष होते. या संघटनेच्या करोनाकाळातील खरेदीवरून लाचखोरीसह अनेक आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले आणि जून २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना कोठडीत पाठवले. हादुए यांनी सर्व आरोप नाकारले आहेत. रेकोलेताच्या दुकानाची कल्पना आणि या संघटनेचा कारभार यांचा विचार मात्र वेगवेगळाच करायला हवा.