दोन बिंदूंनी रेषा होते, मग आलेखाला तिसरा बिंदू कशाला?

तुमच्या मुलीचा प्रश्न रास्त आहे. २क्ष + य = ५ चा आलेख काढायला दोन बिंदू पुरतात, मग सर तिसरा का मागतात, असं ती विचारते. (पुस्तकात एक्स-वाय असतात, मला क्ष-य लिहायची सवय आहे.)

मी अमळनेरला दहावीच्या शिकवण्या घेतो. स्वतः दहावीत असताना चाचणीत असंच एक समीकरण आलं होतं. मी (०, ५) आणि (३, −१) काढले, दोन्ही बरोबर. पण कागदावर मांडताना दुसरा उलटा झाला आणि (−१, ३) वर जाऊन बसला. पट्टी ठेवली, रेषा ओढली, टोकांना बाणसुद्धा काढले. रेषा देखणी आणि साफ चूक! उजवीकडे उतरायची ती चढत गेली. कुठलेही दोन बिंदू घेतले तरी त्यांतून एक सरळ रेषा जातेच, त्यामुळे चूक झाली तरी कागदावर काही दिसत नाही. क्ष = १ घेऊन (१, ३) मांडला असता, तर तो माझ्या रेषेच्या चार घरं खाली पडला असता आणि चोरी तिथेच पकडली गेली असती.

तेव्हा क्ष ला ०, १, २ अशा सोप्या किमती द्या. य येतात ५, ३, १. मांडताना आधी आडवं, मग उभं. मी पोरांना सांगतो, आधी बांधावरून चाला, मग झाडावर चढा किंवा विहिरीत उतरा. य ऋण असला की विहीर. तीनही बिंदू एका रेषेत आले की मगच पेन्सिल चालवायची. क्ष = ३ असं एकटंच आलं तर रेषा उभी येते, य-अक्षाला समांतर. इथे निम्मा वर्ग आडवी काढतो.

रेषेवरचा कुठलाही बिंदू उचला, तो समीकरणाचं उत्तर असतो. (२.५, ०) घालून बघा. हे मला खरं उमगलं ते कापसाच्या वेचणीत. काकांकडे दोन टोळ्यांचे भाव आले होते. आकडे सोयीसाठी गोल करतो: एक टोळी किलोला १० रुपये आणि वर गाडीभाडं २००, दुसरी सरसकट १२ रुपये. म्हणजे य = १०क्ष + २०० आणि य = १२क्ष. क्ष म्हणजे किलो, य म्हणजे रुपये. आडव्या अक्षावर १ सेमीला २० किलो, उभ्यावर १ सेमीला २०० रुपये असं प्रमाण घेतलं (हे कोपऱ्यात लिहायला विसरू नका). दुसरी रेषा आरंभबिंदूतून निघाली, पहिली २०० वरून. ऋण कापूस कोणी वेचत नाही, म्हणून अक्षाच्या डावीकडे रेषा नेलीच नाही. दोघी (१००, १२००) ला भेटल्या.

काका सातवी शिकलेले. त्या छेदनबिंदूवर बोट ठेवून म्हणाले, "मंग शंभर किलोना पुढे पहिलीच टोळी परवडस."