जेसीबी नंतर, आधी डोंगर बघ

भावा गावात पाणलोटाचं काम सुरू करतोयस हे भारीच, पण पहिल्याच मीटिंगला नाला खोलीकरणाचा विषय काढू नकोस. आम्ही तेच केलं होतं, वर्गणी काढून जेसीबी लावला, फोटोबिटो झाले आणि पहिल्याच पावसाळ्यात डोंगरावरची सगळी माती नाल्यात येऊन बसली. म्हणून काम माथ्याकडून पायथ्याकडं, आधी सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब खड्डे) मग दगडी बांध आणि नाला सगळ्यात शेवटी.

चराची लाईन नजरेनं मारायची नाही, हायड्रोमार्कर घे, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं लेव्हल बघायचं साधन. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की लेव्हल चुकलीच म्हणून समज, आमच्या एका चरात पाणी एका टोकाला जमून तिथूनच फुटलं ते यामुळंच. साधारण 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल पुरतो, आणि माती खालच्या अंगाला टाका, नवीन पोरं हमखास वर टाकतात कारण तिकडं घमेलं रिकामं करायला सोपं जातं.

हिशोब ध्यानात ठेव, 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर.

खरी डोकेदुखी पाणी आल्यावर, लगेच ऊस आणि बोअर. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली आणि शेतीसाठी बोअरलाही बंदी घातली, ते दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आहे आणि किती लागेल याचा हिशोब, मांडून मगच पिकं ठरवतात. हा विषय ग्रामसभेत आत्ताच काढ, विहिरी भरल्यावर कुणी ऐकत नाही. आणि हो, श्रमदान सकाळी सहाला ठेव, नऊनंतर ऊन सोसत नाही.