कम्युनिटी कॉलेज: कुठून आलं, तिथं काय शिकतात आणि ट्रान्सफर कसं साधतं

ताई, मुलाला बर्कलीनं (कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नामांकित शाखेनं) नकार दिला, शाळेच्या काउन्सेलरनं कम्युनिटी कॉलेज (पदवीची पहिली दोन वर्षं आणि कामाचे कोर्स शिकवणारं, सर्वांना खुलं स्थानिक कॉलेज) सुचवलं आणि तेव्हापासून घरात कुणी धड जेवलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही कॉलेजं कशासाठी निघाली आणि तिथं नेमकं काय शिकवतात, हे तुम्हाला हवंय. मी कॅलिफोर्नियातल्या अशाच एका कॉलेजात शिकले आणि पुढे अकरा वर्षं गणित शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात १९०१ सालची, इलिनॉयमधल्या जोलिएट गावची. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी ठरवलं की विद्यापीठाची पहिली दोन वर्षं गावातच शिकवायची. विद्यार्थी होते सहा. कॅलिफोर्नियात १९०७ च्या कायद्यानं हायस्कूलांना पुढचे वर्ग काढायची मुभा मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोनं ते काढले, कारण त्या शेतीच्या पट्ट्यात जवळपास दोनशे मैलांत उच्च शिक्षणाची सोयच नव्हती. म्हणजे मूळ अडचण अंतराची होती, मुलांच्या कुवतीची नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चानं शिकता आलं, वर्ग भरून वाहू लागले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगानं १९४७ मध्ये अशा कॉलेजांचं जाळं देशभर विणायची शिफारस केली, आणि ‘ज्युनियर कॉलेज’ हे त्यांचं जुनं नाव मागे पडून ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रुळू लागलं.

तुमच्या मुलाच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं साल १९६०. त्या वर्षीच्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅननं (राज्याच्या उच्च शिक्षणाच्या आराखड्यानं) यूसीला, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाला, हायस्कूलमधले वरचे साडेबारा टक्के, स्टेट कॉलेजांना (आजची सीएसयू, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) वरचे एकतृतीयांश आणि कम्युनिटी कॉलेजांना शिकू शकणारा कुणीही, अशी वाटणी केली. पण त्यातच असंही सुचवलं होतं की विद्यापीठांत पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर आणावं, म्हणजे तिसऱ्या वर्षी बाहेरून येणाऱ्यांना जागा राहील. ट्रान्सफर, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाणं, ही मागच्या दारानं मिळालेली सवलत नाही, ती त्या आराखड्यातच आखलेली आहे. हे तुमच्या यजमानांना जरूर वाचून दाखवा.

अभ्यासक्रम एकाच आवारात फार वेगवेगळे असतात. माझ्या एका वर्गात वेल्डिंग शिकणारा मुलगा, नर्सिंगची तयारी करणारी दोन मुलांची आई आणि हायस्कूलमध्ये असतानाच इथले क्रेडिट (पदवीत मोजले जाणारे श्रेयांक) घेणारी सोळा वर्षांची मुलगी एका बाकावर बसायची. नर्सिंगबद्दल आपल्याकडे गैरसमज आहे. इथली सहयोगी पदवी (दोन वर्षांची असोसिएट डिग्री) घेऊन आरएनची (नोंदणीकृत नर्सची) जी परीक्षा देतात, तीच चार वर्षांच्या पदवीवालेही देतात. मात्र आधी अ‍ॅनाटमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी पुरे करावे लागतात, त्यामुळे ‘दोन वर्षांचा’ कोर्स दोन वर्षांत क्वचितच संपतो. शिवाय इंग्रजी आणि नागरिकत्वाच्या परीक्षेचे वर्ग असतात. आजी-आजोबांना तिथं शिकताना पाहिलं की मला फार भरून यायचं.

फी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला २०१२ पासून युनिटला (क्रेडिट मोजायच्या एककाला) ४६ डॉलर. पंधरा युनिट घेतली तर सेमिस्टरला ६९०. (१९८४ पर्यंत तर ती नव्हतीच.) इथला रहिवासी न ठरणाऱ्याला मात्र कितीतरी जास्त पडते, तेव्हा तुमच्या व्हिसाच्या प्रकारात काय लागू होतं ते प्रवेश कार्यालयात आधीच विचारा.

आता खरं कळीचं. माझ्या वेळी घाईत असलेल्या एका काउन्सेलरनं मला कॅल्क्युलसविना शिकवतात ते फिजिक्स घ्यायला लावलं. क्रेडिट विद्यापीठानं मान्य केले, पण माझ्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स लागत होतं. दोन्ही सेमिस्टर पुन्हा केली, एक वर्ष गेलं. ‘क्रेडिट चालतात’ आणि ‘मेजरसाठी चालतात’ यांत एवढा फरक आहे. म्हणून पहिला विषय निवडण्याआधी असिस्ट ही मोफत वेबसाइट उघडा. त्यात आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि मेजर टाकलं की कुठला विषय कशाच्या बदल्यात धरतात ते ओळीनं दिसतं. काउन्सेलरकडे तो कागद छापूनच जायचं.

यूसीच्या डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा शाखा अटी पुऱ्या केल्यास प्रवेशाची हमी देतात. तिला टॅग म्हणतात. ती एकाच शाखेकडे मागता येते, अर्ज सप्टेंबरात भरायचा असतो आणि काही मेजर वगळलेले असतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही हमी देत नाहीत, पण तिथंही नेहमीचा ट्रान्सफर अर्ज करता येतोच. माझे विद्यार्थी बर्कलीला गेले आहेत.

इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स असेल तर कॅल्क्युलस पहिल्याच सेमिस्टरला सुरू करू द्या. पुढचं गणित आणि फिजिक्स त्याच साखळीत अडकलेलं असतं. एक कडी निसटली की दोन वर्षांची तीन होतात.

कुठलं कॉलेज आणि कुठला मेजर ते इथंच लिहा. पहिल्या सेमिस्टरचे विषय आपण एकत्र बसवू.